ऐच्छिक प्राचलांची चिन्हपद्धती

१. प्रास्ताविक

शिवाजीनगर या नावाच्या वस्त्या अनेक शहरांत आहेत. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाशी संबंधित आहेत. एक पुण्यातील, तिचे जुने नाव भांबुर्डे. दुसरी बंगळूरमधील, रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका आणि गजबजलेले बसस्थानक यांच्याभोवती पसरलेली ही वस्ती पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जाई. पुण्यात कोणी 'मी शिवाजीनगरला राहतो' असे म्हटले तर शहराचे नाव विचारण्याचे कारण पडत नाही. बंगळूरमध्येही ते पडत नाही. दोन्हीकडे शहर अध्याहृत असते. मात्र अध्याहृत असलेले शहर दोन्हीकडे एकच नसते.

या भेदाचे महत्त्व प्रस्तुत लेखकाला एका साध्या कामातून कळले. बंगळूरमधील एका मराठी संस्थेच्या पत्रांवर पत्ते छापण्याचे काम काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे आले होते. यादीतील बहुतेक मंडळी बंगळूरचीच असल्यामुळे त्यांच्या नावापुढे शहराचा रकाना रिकामा होता. पुण्यास स्थायिक झालेल्या काही जणांच्या नावापुढे तेवढे 'पुणे' असे लिहिलेले होते. यादी जुनी असल्याने तीत पिन कोडाचा रकाना नव्हताच. पत्ते मांडून देणारे एक तयार फलन हाताशी होते. त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले रूप मराठीत लिहिले तर असे होईल :

पत्ता(नाव, वस्ती[, शहर])

चौकटी कंसाचा अर्थ 'ऐच्छिक' असा घेऊन लेखकाने जेथे शहर नव्हते तेथे ते गाळले. शहर गाळल्यास ती जागा कोरी राहील, आणि पत्रे बंगळूरमध्येच टपालात पडावयाची असल्याने ती स्थानिक समजली जातील, असा त्याचा समज होता. फलनाच्या कर्त्याचा हेतू निराळा होता. शहर न दिल्यास ते फलन आपल्या पदरचे 'पुणे' हे नाव घालीत असे. पुस्तिकेत ही गोष्ट कोठेही नोंदलेली नव्हती.

छापलेले पत्ते तपासताना 'मल्लेश्वरम, पुणे' आणि 'बसवनगुडी, पुणे' हे पत्ते तत्काळ खटकले व ते हाताने दुरुस्त करण्यात आले. 'शिवाजीनगर, पुणे' हा पत्ता मात्र कोणाच्या नजरेस खटकला नाही. कारण असा पत्ता खरोखरच असतो, आणि यादीत पुण्याचे सभासदही होते. बंगळूरच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचे शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे पत्र त्यामुळे पुण्याला गेले आणि मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर परत आले.

येथे आज्ञावली लिहिणाराची घाई होती हे खरे. परंतु मूळ दोष एका चिन्हाचा होता. 'हा घटक गाळता येईल' एवढेच ते चिन्ह सांगत होते. 'गाळल्यास काय होईल' हे ते सांगत नव्हते. ऐच्छिक प्राचल दाखविणाऱ्या चिन्हाने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, आणि एका पुस्तिकेत ते सर्वत्र एकाच रीतीने दिले पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. फलन, प्राचल आणि अध्याहार

प्रथम संज्ञांचा अर्थ निश्चित करू. संगणकाच्या आज्ञावलीत एखादे ठराविक काम करणाऱ्या व नावाने हाक मारता येणाऱ्या भागास फलन म्हणतात. त्याला काम करण्यासाठी जी माहिती पुरवावी लागते, तिच्या नावनिशीवार जागांना प्राचल असे म्हणू. फलनाच्या व्याख्येतील जागा आणि प्रत्यक्ष वापराच्या वेळी तेथे ठेवलेले आर्ग्युमेंट यांत शास्त्रकार भेद करतात. प्रस्तुत चर्चेपुरता 'प्राचल' हा एकच शब्द दोहोंसाठी पुरेसा आहे.

व्याकरणाच्या अभ्यासकाला ही रचना परकी वाटू नये. फलन हे क्रियापदासारखे असते. 'देणे' या क्रियेला देणारा, घेणारा आणि दिली जाणारी वस्तू यांची आकांक्षा असते. 'भाकरी वाढ' या मराठी वाक्यात वाढणारा कोण आणि वाढायचे कोणाला, या दोन्ही गोष्टी सांगितलेल्या नाहीत. तरीही पंगतीत बसलेल्याला वाक्य पूर्ण वाटते. न सांगितलेले घटक प्रसंगावरून भरून काढले जातात, आणि या भरून काढण्यालाच आपण अध्याहार म्हणतो. माणसामाणसांतील अध्याहार चुकला तर विचारून दुरुस्त करता येतो. माहितीपुस्तिकेचा वाचक मात्र एकटा असतो. पुस्तिकेचा कर्ता त्याच्यासमोर नसतो, आणि यंत्र तर प्रसंग जाणतच नाही. त्याला जे अध्याहृत मूल्य नेमून दिले असेल तेवढेच ते घेते. म्हणून संभाषणात जे सहज चालते, ते पुस्तिकेत लिहूनच दाखवावे लागते.

३. कंसांचा इतिहास

संगणकभाषांची रचना काटेकोर चिन्हांनी लिहिण्याची पद्धती १९६० च्या अल्गोल-६० च्या अहवालापासून रूढ झाली. जॉन बॅकस यांनी योजलेली आणि पीटर नाउर यांनी त्या अहवालात वापरलेली ही पद्धती बॅकस-नाउर रूप या नावाने ओळखली जाते. तीत ऐच्छिकतेसाठी स्वतंत्र चिन्ह नव्हते. एखादा भाग असेल किंवा नसेल असे सांगावयाचे तर तो भाग आणि 'रिक्त' असे दोन पर्याय मांडावे लागत. त्याच सुमारास व्यापारी हिशेबासाठी सिद्ध झालेल्या कोबोल भाषेच्या वर्णनात चौकटी कंस ऐच्छिक भागासाठी, आणि महिरपी कंस दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडण्यासाठी योजले गेले. युनिक्स प्रणालीच्या १९७१ पासूनच्या माहितीपुस्तिकांनीही चौकटी कंस स्वीकारले आणि पुनरावृत्तीसाठी तीन टिंबांची योजना केली.

चिन्हांची ही विविधता अनावश्यक आहे, अशी तक्रार निक्लाउस विर्थ यांनी १९७७ मध्ये एका छोट्या टिपणात केली आणि सर्वांना वापरता येईल अशी एक पद्धती सुचविली. तीत चौकटी कंस ऐच्छिक भागासाठीच राहिले. महिरपी कंसाचा अर्थ मात्र 'शून्य किंवा अधिक वेळा पुनरावृत्ती' असा झाला. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच अर्थ आहे. म्हणजे एकच महिरपी कंस कोबोलच्या वाचकाला 'यांतील एक घेतलेच पाहिजे' असे सांगतो, आणि विर्थ यांच्या वाचकाला 'कितीही वेळा घ्या, मुळीच न घेतले तरी चालेल' असे सांगतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष आहेत. वाचक एकीकडून दुसरीकडे जातो तेव्हा अडचण उत्पन्न होते, आणि कोणत्या संकेताने वाचावयाचे हे पुस्तिकेने आरंभी सांगितले नसेल तर ती अडचण दूर होण्याचा मार्ग राहत नाही.

चौकटी कंसाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. पायथनसारख्या भाषेत हेच कंस यादी लिहिण्यासाठीही वापरले जातात. पुस्तिकेतील कंस वाचकाला उद्देशून लिहिलेला असतो, आज्ञावलीतील कंस यंत्राला उद्देशून. नवशिका विद्यार्थी पुस्तिकेतील कंस जसेच्या तसे आज्ञावलीत उतरवितो, आणि शहराच्या जागी एका शहराची यादी देऊन बसतो. त्याला हसण्याचे कारण नाही. कागदावर दोन्ही कंस सारखेच दिसतात.

४. 'ऐच्छिक' या शब्दाखाली दडलेले प्रकार

चौकटी कंसाने दाखविलेले प्राचल तपासून पाहिले असता त्यांत निदान चार निरनिराळे प्रकार आढळतात.

पहिला प्रकार अध्याहृत मूल्याचा. प्राचल गाळला तर एक ठराविक मूल्य घेतले जाते, आणि तेच मूल्य आपण स्वतः लिहिले तरी परिणाम तोच होतो. यादी क्रमाने लावणाऱ्या फलनात उलटा क्रम हवा की नको हे सांगण्याची सोय असते; काही न सांगितल्यास सुलट क्रम गृहीत धरतात. हा प्रकार सर्वांत सोपा आहे, कारण अध्याहृत मूल्य शीर्षओळीतच लिहिता येते : क्रम(यादी, उलट = नाही). येथे एक उपप्रश्न मात्र उरतो, तो म्हणजे हे मूल्य केव्हा ठरते. पायथनमध्ये ते फलनाची व्याख्या होते त्या वेळी एकदाच ठरते. सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक हाकेच्या वेळी नव्याने ठरते. मूल्य स्थिर असेल तर या भेदाने काही बिघडत नाही. 'आजची तारीख' असे मूल्य असेल तर पायथनमध्ये ती आज्ञावली सुरू झाली त्या दिवसाचीच राहील.

दुसऱ्या प्रकारात अभावालाच अर्थ असतो. पायथनमध्ये कोशातून एक नोंद काढून देणारे फलन आहे. त्याला कळ देतात; आणि ती कळ न सापडल्यास काय परत द्यावे, हे दुसऱ्या, ऐच्छिक प्राचलाने सांगता येते. हा दुसरा प्राचल गाळला आणि कळ सापडली नाही, तर फलन काहीही परत न देता चूक झाल्याचे घोषित करते. येथे गाळलेल्या जागी भरता येईल असे कोणतेही मूल्य नाही. गाळणे आणि देणे या दोन वेगळ्या आज्ञाच आहेत. हा भेद भाषाकारांनी पूर्वीच ओळखला होता. कॉमन लिस्पच्या १९८४ च्या वर्णनात ऐच्छिक प्राचलाबरोबर 'तो दिला होता की नाही' हे सांगणारा आणखी एक चल ठेवण्याची सोय आहे. फोर्ट्रान-९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र फलनच दिलेले आहे.

तिसरा प्रकार रिक्त मूल्याचा. येथे प्राचल द्यावा लागतो, परंतु 'काही नाही' असे मूल्य देण्याची मुभा असते. याची गल्लत पहिल्या दोन प्रकारांशी सर्रास होते, आणि चिन्हेही त्या गल्लतीला हातभार लावतात. पीएचपीमध्ये प्रकारनामाच्या आधी लिहिलेले प्रश्नचिन्ह 'रिक्त मूल्य चालेल' असे सांगते. टाइपस्क्रिप्टमध्ये प्राचलाच्या नावानंतर लिहिलेले प्रश्नचिन्ह 'हा प्राचल गाळता येईल' असे सांगते. चिन्ह एक, अर्थ दोन. पत्त्याच्या फलनात शहराची जागा मुद्दाम रिक्त ठेवणे आणि शहर मुळीच न देणे, या दोन गोष्टी प्रस्तुत लेखकाने एकच मानल्या होत्या, हे येथे सांगितले पाहिजे.

चौथा प्रकार परस्परावलंबनाचा. समजा, एखाद्या मजकुरात शब्द शोधणारे फलन असे लिहिले आहे :

शोध(शब्द[, आरंभ[, अंत]])

कंसात कंस असल्यामुळे 'अंत द्यावयाचा तर आरंभ दिला पाहिजे' असा अर्थ होतो. पायथनच्या पुस्तिकांनी ही रीत दीर्घकाळ वापरली आहे. हेच जर शोध(शब्द[, आरंभ][, अंत]) असे लिहिले, तर दोन्ही स्वतंत्रपणे गाळता येतील असे ध्वनित होते. मग शोध("नगर", १०) या हाकेतील १० हा आरंभ की अंत, याचा निर्णय केवळ चिन्हांवरून होत नाही. दोन कंसांच्या जागेतील हा सूक्ष्म फरक लिहिणाराने पाळला नाही, तर वाचणाऱ्याला तो कळण्याचा संभव नाही.

५. पाणिनीचा दाखला

हे प्रश्न केवळ संगणकयुगातले नाहीत. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी बॅकस-नाउर रूपास 'पाणिनी-बॅकस रूप' असे नाव द्यावे, अशी सूचना केली होती. पाणिनीची अष्टाध्यायी हे चिन्हपद्धतीवर उभे असलेले शास्त्र आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीतील तीन गोष्टी उद्बोधक आहेत.

पहिली गोष्ट अनुबंधांची. 'करणे' या अर्थाचा धातू धातुपाठात 'डुकृञ्' असा दिलेला आहे. त्यातील 'डु' आणि 'ञ्' हे वर्ण धातूचे भाग नाहीत. कोणते प्रत्यय व कोणती पदे लागतील हे सांगण्यासाठी ते जोडलेले आहेत. प्रत्यक्ष प्रयोगात 'कृ' एवढेच राहते. पुस्तिकेतील चौकटी कंस हा असाच अनुबंध आहे. फरक इतकाच की अनुबंध कोणते आणि त्यांचा लोप होतो, हे पाणिनीने सूत्रे करून सांगितले. आपल्या पुस्तिका पुष्कळदा ते सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट पाणिनीच्या परंपरेतील एका प्रसिद्ध संदेहाची. माहेश्वर सूत्रांत 'ण्' हा अनुबंध दोनदा आला आहे : पहिल्या सूत्राच्या अंती आणि पुढे 'लण्' मध्ये. त्यामुळे 'अण्' म्हटल्यावर अ, इ, उ एवढेच स्वर घ्यावयाचे, की सर्व स्वर आणि त्यांपुढील ह, य, व, र, ल हेही घ्यावयाचे, असा प्रश्न पडतो. पतंजलीने महाभाष्यात त्याचा ऊहापोह केला. एक सूत्र वगळता पहिला 'ण्' घ्यावयाचा, असा निर्णय परंपरेने दिला. अशा संदेहाचे निरसन व्याख्यानाने करावे, संदेह आहे म्हणून सूत्र टाकून देऊ नये, या आशयाची परिभाषा नागेशभट्टांच्या परिभाषेंदुशेखरात अग्रस्थानी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळात संपादित व अनुवादित केला. एकच खूण दोन ठिकाणी वापरल्यामुळे केवढे व्याख्यान आवश्यक होते, याचा हा नमुना आहे. अष्टाध्यायीला पतंजली लाभला. सामान्य माहितीपुस्तिकेला असा भाष्यकार लाभत नाही.

तिसरी गोष्ट थेट ऐच्छिकतेची आहे. एखादे कार्य होईल किंवा होणार नाही असे सांगण्यासाठी पाणिनी 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' असे तीन शब्द योजतो. परंपरेने ते समानार्थी मानले. १९७९ मध्ये पॉल किपार्स्की यांनी वेगळा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते 'वा' म्हणजे झालेले बरे, 'विभाषा' म्हणजे न झालेले बरे, आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेच. हा ग्रंथ पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या मालेत शि. द. जोशी यांच्या संपादनाखाली निघाला. सर्व विद्वानांनी हा सिद्धांत स्वीकारलेला नाही, आणि त्याचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु वादाचे कारण आपल्या उपयोगाचे आहे. तीन शब्दांचे तीन अर्थ असतील, तर ते वाचकापर्यंत पोचले नाहीत. अर्थ एकच असेल, तर तीन शब्दांनी नसलेला भेद सुचविला. ऐच्छिकतेच्या छटा आणि त्यांची चिन्हे यांचा मेळ ग्रंथातच नोंदलेला नसला, की वाचकाला तो अनुमानाने शोधावा लागतो.

६. काही नियम

वरील विवेचनावरून माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी पुढील नियम सुचविता येतील.

(अ) वापरलेल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ पुस्तिकेच्या आरंभी, उदाहरणासह, सांगावा.

(आ) एका चिन्हाला एकच अर्थ द्यावा, आणि एका अर्थासाठी एकच चिन्ह वापरावे. एका प्रकरणात कंस आणि दुसऱ्यात बरोबरीचे चिन्ह, असे करू नये.

(इ) अध्याहृत मूल्य असेल तर ते शीर्षओळीतच लिहावे. ते प्रत्येक हाकेच्या वेळी बदलणारे असेल तर तसे नोंदवावे.

(ई) जेथे अभावालाच वेगळा अर्थ आहे, तेथे फलनाची दोन रूपे दोन स्वतंत्र ओळींत द्यावीत व प्रत्येकीचा परिणाम तिच्याखाली सांगावा. पायथनच्या पुस्तिकेत अंकांची श्रेणी देणाऱ्या फलनाची रूपे अशीच दोन ओळींत दिलेली आहेत : एका ओळीत फक्त अंत, दुसरीत आरंभ, अंत आणि ऐच्छिक पायरी.

(उ) पुस्तिकेची चिन्हे आणि आज्ञावलीची अक्षरे वेगवेगळ्या टाइपांत छापावीत, म्हणजे कोणते उतरवावयाचे व कोणते नाही हे डोळ्यांना दिसेल.

(ऊ) ज्या प्राचलासाठी सर्वांना मानवेल असे अध्याहृत मूल्य नाही, तो अनिवार्य करावा.

शेवटचा नियम चिन्हांच्या पलीकडचा आहे. परंतु प्रामाणिक चिन्हपद्धतीच आपल्याला त्याच्याकडे घेऊन जाते. पत्ता(नाव, वस्ती, शहर = "पुणे") अशी ओळ लिहिण्याची वेळ आली असती, तर हे मूल्य आपण सर्वांवर का लादीत आहोत, असा विचार त्या कर्त्याच्या मनात आला असता. भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेल्या पिन कोडाच्या मुळाशी हाच विचार आहे. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या आणि पत्त्यातील अध्याहार यांतून होणारा घोटाळा टाळण्यासाठी सहा अंकांची ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. पुण्याचे पिन ४११ ने आणि बंगळूरचे ५६० ने सुरू होतात. हे तीन अंक लिहिले की शिवाजीनगर कोणते, हा प्रश्न उरत नाही.

७. मराठी संज्ञांविषयी

भारतीय भाषांत संगणकशास्त्राची पुस्तके लिहिणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते. आपल्याकडे ऐच्छिक, वैकल्पिक आणि पर्यायी हे शब्द अदलाबदलीने वापरले जातात. 'पर्यायी प्राचल' असे वाचल्यावर तो गाळता येतो, की त्याच्याऐवजी दुसरा देता येतो, हे विद्यार्थ्याला समजत नाही. म्हणून जो प्राचल गाळता येतो त्यास 'ऐच्छिक' म्हणावे. अनेकांपैकी एक निवडावयाचा असेल तेथे 'पर्यायी' म्हणावे. 'वैकल्पिक' हा शब्द व्याकरणाकडे राहू द्यावा. गाळलेल्या जागी जे घेतले जाते त्यास 'अध्याहृत मूल्य', आणि मुद्दाम काही न ठेवल्यास 'रिक्त मूल्य' म्हणावे. प्रस्तुत लेखात हाच संकेत पाळण्याचा प्रयत्न केला आहे. यापेक्षा चांगले शब्द कोणी सुचविल्यास ते अवश्य घ्यावेत. मात्र एकदा घेतल्यावर पुस्तकाच्या अखेरपर्यंत तेच वापरावेत.

इंग्रजी पुस्तिकेशी झगडणारा विद्यार्थी चुकला तर तो आपल्या इंग्रजीला दोष देतो, आणि चिन्हच संदिग्ध होते हे त्याच्या लक्षातही येत नाही. मराठी पुस्तिकेने त्याला ही सबब तरी ठेवू नये. ज्या यादीमुळे या लेखाचा विषय सुचला, तीत आता शहर आणि पिन हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय पत्ता छापला जात नाही. त्या विद्यार्थिनीला मात्र पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा लागला.